गोलच्या दीड-दोन किलोमीटर अलीकडेच का उतरावं लागतं? हँग ग्लायडिंगच्या फायनल ग्लाइडमधली नेहमीची अडचण

हँग ग्लायडिंगच्या शर्यतीत ठरवलेल्या बिंदूंवरून (टर्नपॉइंट) उडत शेवटच्या ठिकाणी, म्हणजे गोलला, पोचायचं असतं. शेवटचा थर्मल (वर चढणारी गरम हवा) सोडून गोलपर्यंत सरळ उतरत जाणं म्हणजे फायनल ग्लाइड. त्यातलं हे लक्षण ओळखीचं आहे. स्टार्ट वेळेवर झाला, टर्नपॉइंट एकामागून एक पडले, गॅगलबरोबर (एकत्र गिरक्या घेणाऱ्या ग्लायडरांच्या थव्याबरोबर) शेवटच्या थर्मलपर्यंत पोचलात. ग्लायडरवरचं हिशेब करणारं यंत्र सांगतं, गोलवर पोचाल तेव्हा ३० मीटर उंची शिल्लक. तुम्ही निघता आणि पंधरा मिनिटांनी गोलच्या दीड-दोन किलोमीटर अलीकडे कुणाच्या तरी शेतात ग्लायडर उतरवता. वर बघावं तर मागून आलेले दोघंतिघं डोक्यावरून गोलकडे निघालेले असतात.

एखाद्या वेळी असं झालं तर ती हवेची करणी म्हणून सोडून द्यावं. एकाच स्पर्धेत दोनदा झालं, किंवा दर स्पर्धेत एकदा होतंच असं दिसलं, तर कारण शोधावं. ते जवळपास प्रत्येक वेळी लॉगमध्ये (यंत्राने ठेवलेल्या उड्डाणाच्या नोंदीत) सापडतं. माझा अनुभव आणि मत असं की दोष ग्लायडरचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा शेवटच्या थर्मलमधून निघण्याचा निर्णय शिळ्या वाऱ्याच्या आकड्यावर घेतलेला असतो. बाकीची कारणंही खरी आहेत, पण ती त्यानंतर तपासायची.

उदाहरणासाठी मी ऑस्ट्रेलियातलं फोर्ब्स डोळ्यांसमोर ठेवतो. न्यू साउथ वेल्समधला हा सपाट मुलूख. २०१३ची हँग ग्लायडिंगची जागतिक स्पर्धा इथेच झाली. डोंगर नाही, त्यामुळे ड्रॅगनफ्लाय अल्ट्रालाइट विमानाने टो करून (दोरीने ओढून) वर नेतात, आणि चांगल्या दिवशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा टास्क (त्या दिवसाची शर्यत) लागतो. कड्यावरून उडताना शेवटी एखादा उतार, एखादी धार मदतीला येते. सपाटीवर तसं काही नसतं. तुमच्याकडे उंची असते, समोर अंतर असतं आणि मध्ये फक्त हवा. म्हणून फायनल ग्लाइडच्या चुका इथे स्वच्छ दिसतात.

हे दोन किलोमीटर किती महाग पडतात

हा भाग थोडक्यात, पण तो कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही. स्पर्धांमध्ये वापरतात ती ‘गॅप’ गुणपद्धत गेरॉल्फ हाइनरिख्स, आंजेलो क्रापान्झानो आणि पॉल मॉलिसन यांनी आखली. तिच्यात अंतर, वेळ, आघाडी आणि पोचण्याचा क्रम यांचे गुण वेगवेगळे मोजतात. निम्मे पायलट गोलला पोचले, तर अंतराच्या वाट्याला एकूण गुणांपैकी साधारण ४२ टक्के येतात. उरलेला ५८ टक्क्यांचा भाग वेळ आणि तिच्याशी जोडलेल्या गोष्टींचा. १०० किलोमीटरच्या टास्कमध्ये ९८व्या किलोमीटरला उतरलेल्याला अंतराचे गुण जवळपास पूर्ण मिळतात, पण मोठा वाटा हातचा जातो. स्पीड सेक्शन (ज्याची वेळ मोजतात तो टप्पा) गोलच्या आधीच संपत असेल, तर तिथवर पोचून गोल चुकलेल्याला किती गुण द्यायचे हे त्या स्पर्धेच्या नियमांत लिहिलेलं असतं; ते ब्रीफिंगला विचारून घ्यावं.

आता उलट बाजू बघा. दोन तासांत जिंकलेल्या टास्कमध्ये तुम्ही विजेत्यापेक्षा दोन मिनिटं उशिरा आलात, तर सूत्राची कोणती आवृत्ती लागू आहे त्यानुसार साधारण पंधरा ते पस्तीस गुण जातात. म्हणजे शेवटच्या थर्मलमध्ये आणखी दोन मिनिटं थांबण्याची किंमत जास्तीत जास्त पस्तीस, आणि न थांबता अलीकडे उतरण्याची किंमत काही शे. आघाडीच्या पाचांत झुंजणाऱ्याचा हिशेब वेगळा असू शकतो. बाकी आपण सगळ्यांनी थांबावं.

आधी लॉग उघडा

आठवणीवर विसंबू नका. उतरल्यावर प्रत्येकाला ‘फार सिंक (खाली जाणारी हवा) होतं’ हेच आठवतं. आयजीसी फाइल, म्हणजे यंत्रातला लॉग, उघडा आणि शेवटचा थर्मल सोडला तो क्षण शोधा. तिथून गोलच्या कडेपर्यंतचं अंतर आणि गोलच्या जमिनीपासूनची तुमची उंची घ्या. अंतराला उंचीने भागलं की निघतो लागणारा ग्लाइड रेशो. मग प्रत्यक्ष किती मिळाला ते काढा, आणि तेही तीन तुकडे करून: पहिला तृतीयांश, मधला, शेवटचा. प्रत्येक तुकड्याचा सरासरी जमिनीवरचा वेग बाजूला लिहा. काम फार तर पंधरा मिनिटांचं आहे.

निघतानाच लागणारा रेशो तुमच्या ग्लायडरच्या ताकदीबाहेर होता, असं दिसलं तर पुढे काही तपासायची गरज नाही. थर्मल लवकर सोडला, बस. तिन्ही तुकडे सारखेच खराब आणि जमिनीवरचा वेग शेवटाकडे कमी होत गेलेला असेल तर वारा. दोन तुकडे ठीक आणि एकात खड्डा पडल्यासारखी उंची गेली असेल तर सिंक, म्हणजे रेषेची निवड किंवा वेग. आणि ग्लायडर अपेक्षेइतकाच उडाला, तरी यंत्राने पोचाल असं सांगितलं होतं, तर सेटिंग चुकीचं आहे.

वारा: सर्वांत जास्त फसवणारं कारण

बहुतेक यंत्रं वारा मोजतात ती तुम्ही गिरकी घेताना होणाऱ्या वाहण्यावरून. हवेतल्या वेगाचा सेन्सर नसेल, तर सरळ उडताना यंत्राला नवं काही कळत नाही. थर्मलमध्ये, म्हणजे वरच्या थरात मोजलेला आकडा धरूनच ते शेवटपर्यंत हिशेब करत राहतं. तुम्ही मात्र खाली खाली येत असता आणि खालच्या थरातला वारा वेगळा असू शकतो. किनाऱ्याजवळच्या मुलखात तर दुपारनंतर समुद्राकडचा वारा खालून शिरतो आणि वर मोजलेल्या आकड्याचा खालच्या वाऱ्याशी संबंधच उरत नाही. कामशेतला उडणाऱ्या पॅराग्लायडर पायलटांना कोकणातून घाट चढून येणारा हा पश्चिमेचा वारा नवा नाही.

हा फरक किती बारीक आणि किती घातक असतो, ते आकड्यांत बघू. समजा, तुम्ही १५०० मीटरवर थर्मल सोडलात. फोर्ब्सची जमीन साधारण २३० मीटरवर आहे, म्हणजे हाताशी १२७० मीटर. गोल १४ किलोमीटरवर. लागणारा रेशो ११. तुमचा टॉपलेस (पंखावर खांब आणि तारा नसलेला) ग्लायडर ताशी ६० किलोमीटरला स्थिर हवेत १३ देतो असं धरू. यंत्राच्या मते समोरून ८ किलोमीटरचा वारा आहे. म्हणजे जमिनीवरचा वेग ५२ आणि रेशो सव्वाअकरा. पोचाल, वर २७ मीटर शिल्लक. निघताना हे अगदी व्यवस्थित दिसतं. प्रत्यक्षात खाली वारा १५ निघतो. जमिनीवरचा वेग ४५, रेशो पावणेदहा, आणि १२७० मीटरमध्ये कापलं जाणारं अंतर साधारण १२.४ किलोमीटर. दीड किलोमीटर कमी. ताशी ७ किलोमीटरचा फरक चेहऱ्याला जाणवतही नाही, पण गोल जातो.

उपाय दोन. पहिला, निघण्याआधी खालचा वारा वाचा. धूर, शेततळ्यावरच्या लहरी (वाऱ्याकडचा काठ शांत, पलीकडचा खडबडीत), धुळीच्या भोवऱ्यांचा कल, ट्रॅक्टरमागची धूळ, आधी उतरलेल्या ग्लायडरांची तोंडं. गोलला कुणी उतरलेलं असेल तर रेडिओवर एका वाक्यात वारा विचारता येतो. रेडिओचे नियम तेवढे आधी बघून ठेवा. दुसरा उपाय म्हणजे ‘शिल्लक उंची’च्या आकड्याकडे बघत न बसता लागणारा रेशो बघा. शिल्लक उंची हा यंत्राचा अंदाज असतो, त्यात पोलर (कोणत्या वेगाला ग्लायडर किती खाली जातो त्याचा तक्ता) आणि वारा दोन्ही मिसळलेले असतात. लागणारा रेशो म्हणजे नुसतं अंतर भागिले उंची. त्यात खोट शिरायला फारशी जागा नाही. ग्लाइड सुरू झाल्यावर तो ११वरून १०.८, १०.५ असा उतरत गेला तर तुम्ही जिंकताय. जागेवर राहिला तर जेमतेम पोचाल. ११.३, ११.७ असा चढायला लागला, तर पहिल्या तीन-चार किलोमीटरमध्येच समजून घ्या की हा ग्लाइड पोचवणार नाही. त्या वेळी तुमच्याकडे ९०० मीटर असतात आणि नवा थर्मल शोधता येतो. हेच २५० मीटरवर कळून उपयोग नाही.

टॉपलेस ग्लायडरवर अनोळखी हवेत, हलक्या वाऱ्यात मी लागणारा रेशो १० होईपर्यंत थर्मल सोडू नये असं सांगेन. समोरून वारा असेल तर ८. जास्तीची उंची वाया जात नाही, पुढे बार (हातातला दांडा) ओढून तिचा वेग करता येतो. किंगपोस्टवाला (पंखावर खांब असलेला) मधल्या श्रेणीचा ग्लायडर असेल तर दोन्ही आकडे आणखी खाली आणा.

कमजोर थर्मलमध्ये उंची घेणं, आणि त्यातला भ्रम

यावर पुरेसं बोललं जात नाही, म्हणून जरा सविस्तर.

अर्धा मीटर प्रतिसेकंदाच्या लिफ्टमध्ये (वर जाणाऱ्या हवेत) पाच मिनिटं गिरक्या घेतल्या की १५० मीटर मिळतात. बरं वाटतं. पण समोरून १५ किलोमीटरचा वारा असेल तर त्या पाच मिनिटांत तुम्ही सव्वा किलोमीटर मागे वाहून जाता. ते अंतर पुन्हा कापायला, पावणेदहाच्या रेशोने, १२८ मीटर लागतात. पाच मिनिटांची खरी कमाई २२ मीटर. लिफ्ट त्याहून थोडी कमी असेल तर तुम्ही वर चढत असतानाही गोलपासून दूर चाललेले असता, आणि व्हॅरिओ (चढ-उतार सांगणारं यंत्र) आनंदाने वाजत असतो.

म्हणून समोरच्या वाऱ्यात फायनल ग्लाइडची उंची शेवटच्या कमजोर थर्मलमध्ये नाही, त्याच्या आधीच्या जोरदार थर्मलमध्ये कमवायची असते. गोलपासून २५-३० किलोमीटरवर सेकंदाला तीन मीटर चढवणारा थर्मल मिळाला, तर गॅगल निघालं तरी माथ्यापर्यंत जा. ‘पुढे अजून एक मिळेल’ हा हिशेब दिवसाच्या मध्यावर ठीक आहे. संध्याकाळी थर्मल रुंद, शांत आणि मंद होतात, एकमेकांपासून लांब जातात, आणि पुढचा मिळतो तो अर्ध्या मीटरचाच. पाठीमागून वारा असेल तर सगळं उलटतं: मंद लिफ्टमध्ये नुसतं तरंगत राहिलात तरी वारा तुम्हाला गोलकडे नेतो, आणि तिथे घाई करणाराच अलीकडे उतरतो.

गॅगल निघतं तेव्हा आपणही निघतो, हे या अडचणीमागचं दुसरं मोठं कारण. पुढच्याचा ग्लायडर नवा असेल, त्याचं वजन जास्त असेल, तो १०० मीटर वर असेल. रिजिड विंगवाला (कडक पंखाच्या ग्लायडरचा) तर वेगळ्याच रेशोवर उडतो. त्याला पुरतं ते तुम्हाला पुरेल असं नाही. मात्र पुढे गेलेल्यांचा एक मोठा उपयोग आहे: ते कुठे खाली बसतात आणि कुठे वर उचलले जातात ते दिसतं. मिनिटभर उशिरा निघणाऱ्याला ही माहिती फुकट मिळते.

सिंक, रेषा आणि वेग

लॉगच्या मधल्याच तुकड्यात उंची गेली असेल तर नकाशा किंवा उपग्रहचित्र उघडून तिथे खाली काय होतं ते बघा. फोर्ब्स लचलन नदीकाठी आहे. नदीलगतची सिंचनाची हिरवी शेतं आणि झाडी दुपारी थंड राहते. त्यावरून सरळ रेषेत जाणं म्हणजे बऱ्याचदा लांबच लांब सिंक. कापणी झालेल्या गव्हाच्या कोरड्या रानावरून, ढगांच्या ओळीखालून, किंवा पुढच्या गॅगलने उचल घेतली त्या बाजूने दहा अंश वळून गेलात, तर अंतर जेमतेम दीड टक्का वाढतं. तेवढ्याने हवा बदलत असेल तर वळणं नेहमी परवडतं. आणि सिंकमध्ये सापडलात की थोडं डावीउजवीकडे सरकून बघा. सिंकचीही लांब पट्टी असते, आणि अनेकदा आपण नेमके तिच्या लांबीने उडत राहतो.

वेगाबाबत सर्वसाधारण नियम असा की समोरून जितका वारा आहे त्याच्या निम्म्याने सर्वोत्तम ग्लाइडचा वेग वाढवावा. टॉपलेस ग्लायडर साधारण ताशी ४५-५०ला १५च्या आसपास देतो, ६५ला बारा-तेरा, आणि ८५-९०ला नऊ-दहावर येतो. ‘आता शर्यत आहे’ म्हणून बार पोटापर्यंत ओढून निघणारा पायलट त्या क्षणी तिसरा हिस्सा रेशो देऊन टाकतो. उलट, पोचणार नाही असं वाटलं की बार सोडून सगळ्यात हळू उडणं हीसुद्धा चूक, कारण किमान सिंकचा वेग हा सर्वोत्तम ग्लाइडचा वेग नसतो, आणि वारा समोरून असेल तर मुळीच नसतो. व्हीजीची (पंखाच्या कापडाचा ताण बदलणाऱ्या यंत्रणेची) दोरी पूर्ण ओढलेली आहे ना, तेही पाहा. हवा धक्के देत असताना हाताळायला सोपं जावं म्हणून व्हीजी सैल केला आणि मग तो तसाच राहिला, असं अगदी नेहमी होतं. हार्नेसची झिप दोन किलोमीटर आधी उघडून पाय बाहेर काढले तर तेही ग्लाइड खातं.

यंत्राची सेटिंग

हे सगळं घरीच तपासायचं.

गोलच्या वेपॉइंटला (यंत्रात भरलेल्या बिंदूला) उंची भरलेली आहे का? फाइल एका यंत्रातून दुसऱ्यात नेताना किंवा टास्क हाताने भरताना ती शून्य राहू शकते. मग यंत्र गोल समुद्रसपाटीवर आहे असं समजतं. फोर्ब्समध्ये ही चूक २३० मीटरची, म्हणजे ११च्या रेशोने अडीच किलोमीटरची. पुण्याच्या परिसरात तीच साडेपाचशे मीटरची होईल.

यंत्रातला पोलर तुमच्या ग्लायडरचा आहे का? कारखान्यातून आलेला पोलर कुणा दुसऱ्याच पंखाचा, किंवा जाहिरातीतल्या आशावादी आकड्यांचा असू शकतो. शांत संध्याकाळी, वारा नसताना, तीन वेगवेगळ्या वेगांना दोन-दोन मिनिटं सरळ उडा, लॉगमधून सिंक काढा आणि तेच आकडे भरा. एकच पोलर वापरायचा असेल तर थोडा निराशावादी चालेल.

मग उंची. दाबावर चालणारा उंचीमापक सकाळी टेकऑफला लावला आणि दिवसभरात हवेचा दाब ४ हेक्टोपास्कलने उतरला, तर तो ३० मीटरहून जास्त उंची दाखवतो, कारण एका हेक्टोपास्कलला साधारण ८ मीटर. कडक उन्हाळ्यात तापलेल्या हवेमुळे उलटा फरकही पडतो: खरी उंची दाखवलेल्यापेक्षा जास्त असते. पण त्या भरवशावर हिशेब करू नये. जीपीएसची उंची वापरत असाल तर ती समुद्रसपाटीपासूनची आहे की पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची, ते बघा. न्यू साउथ वेल्समध्ये या दोन्हींत वीसेक मीटरचा फरक आहे आणि तो तुमच्या विरुद्ध जातो, म्हणजे यंत्र जास्त उंची दाखवतं. महाराष्ट्रात फरक ६० मीटरहून मोठा, पण उलट्या दिशेचा. इकडे बरोबर वाटलेली सेटिंग तिकडे नेऊन चुकते, ती यामुळेही.

अंतर गोलच्या मध्यबिंदूपर्यंतचं दाखवलं जातंय की कडेपर्यंतचं, हेही एकदा पाहून घ्या.

थांबायचं कुठे

लागणारा रेशो चढतो आहे आणि जमीन जवळ येते आहे, अशा वेळी ग्लाइड ताणण्याचा मोह सर्वांत धोकादायक. ऑस्ट्रेलियातल्या रानांवरून एकेरी तारेच्या वीजवाहिन्या जातात. खांब लांब लांब असतात आणि तार वरून दिसतच नाही. म्हणून जमिनीपासून १५० मीटरवर आलात आणि गोल स्पष्ट हातात नसेल, तर गोलचा विचार सोडा. व्हीजी सैल करा, शेत निवडा, वाऱ्याची दिशा नक्की करा आणि नीट उतरा. हा आकडा सकाळीच ठरवून ठेवावा. हवेत ठरवायला गेलं की तो १२० होतो, मग ९०. गोल गाठला तरी रेषा २० मीटरवरून ओलांडून पुढे गर्दीत वळावं लागणं हे यश नव्हे. ५० गुण कमी मिळाले तरी चालतील, तिथे वर राहून पोचा.

जगातल्या सर्वांत लांब हँग ग्लायडर उड्डाणाचा निकालही शेवटच्या ग्लाइडवरच लागला होता. ३ जुलै २०१२ला टेक्सासमधल्या झपाटाहून डस्टिन मार्टिन आणि जॉनी ड्युरँड यांनी दिवसाचा बराच भाग एकत्र उडून काढला. मार्टिन ७६४ किलोमीटरवर उतरला, ड्युरँड ७६१वर.

यातलं सगळं करूनही तीच अडचण राहिली, तर त्याच टास्कमध्ये त्याच थर्मलमधून तुमच्याच वर्गाच्या ग्लायडरवर निघून गोलला पोचलेल्या पायलटाचा लॉग घ्या. स्पर्धांमध्ये लॉग बहुधा सगळ्यांना खुले असतात. दोन्ही एकावर एक ठेवा. वेग सारखा, रेषा सारखी आणि तरीही तुमचं सिंक सगळीकडे जास्त दिसत असेल, तर मग ग्लायडरकडे वळा: बॅटनचे (पंखातल्या पट्ट्यांचे) आकार कारखान्याच्या आराखड्याशी जुळवा, सेल (पंखाचं कापड) ढिली पडली आहे का आणि स्प्रॉग (पंखाच्या टोकांजवळचे आधाराचे दांडे) कारखान्याने सांगितलेल्यापेक्षा जास्त उंच लागलेत का ते जाणकाराकडून मोजून घ्या. स्प्रॉग स्वतः खाली करू नका. पिचमधली (नाक वर-खाली होण्यातली) सुरक्षितता त्यांच्यावर अवलंबून असते, आणि स्पर्धेत त्यांचं मोजमापही होऊ शकतं.